‘झपाटलेला’ची आठवण लिहायला बसताना

लहानपणी ‘झपाटलेला’ पाहून उडालेली घाबरगुंडी तुम्हाला लिहून काढायची आहे, हे वाचून फार बरं वाटलं. जरूर लिहा. फक्त कथानक सांगत बसू नका. महेश कोठारेंचा हा सिनेमा १९९३चा. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. एका ओळीत उरका.

वेळ द्यायचा तो घराला. टीव्ही कुठे होता, कोणाच्या पाठीआड लपलात, रात्री मोरीपर्यंत सोबत कोण आलं? आमच्याकडे आजीने बहिणीची बाहुली ट्रंकेत घातली, कडी लावली, वर दोन गाद्या रचल्या, तेव्हा कुठे आम्ही पोरं झोपलो. असा एक तपशील हाती लागला की ‘खूप भीती वाटली’ हे लिहावंच लागत नाही.

आणि सिनेमा पुन्हा पाहणार असाल, तर आधी लिहा, मग पाहा. हे मी आग्रहाने सांगतो. आज आपलं लक्ष लक्ष्मीकांत बेर्डेंच्या विनोदाकडे जातं, रामदास पाध्येंच्या बाहुल्याच्या करामतीकडे जातं, दिलीप प्रभावळकरांच्या तात्या विंचूला दाद द्यावीशी वाटते. त्या वयात यातलं काहीच दिसत नव्हतं. तेव्हाची भीती हसण्यावारी नेऊ नका, ती खरी होती.

भावंडांनाही विचारा. त्यांना वेगळंच आठवत असेल, तर दोन्ही ठेवा.