एशियाडचं खूळ, नीट आणि बारावी: माणमधल्या एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, ताईंची मुलगी अकरावी सायन्सला आहे, सतरा वर्षांची, शालेय राज्य स्पर्धेत ३००० मीटरला तिसरी आली, आणि हांगझोऊ एशियाडमधली अविनाश साबळेची रेस मोबाईलवर बघून बघून आता तिला स्टीपलचेसच (अडथळ्यांची आणि पाण्याच्या उड्यांची लांब शर्यत) करायचंय. कोच म्हणतात कॉलेज सोडा, पुण्याला अकॅडमीत टाका, बारावी काय १७ नंबरचा फॉर्म भरून (बाहेरून परीक्षा देऊन) होईल. वडील म्हणतात नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायची, पळणं बास. आणि ताई मधे.

आधी तुमच्या "आता नाही तर कधीच नाही" बद्दल बोलतो, कारण सगळी घाई तिथनंच आलीये. हे लांब पल्ल्याचं पळणं आहे ताई, जिम्नॅस्टिक्स नव्हे. साबळेंचंच बघा. बीड जिल्ह्यातलं आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, बारावी करून आर्मीत महार रेजिमेंटला गेले, सियाचीनला ड्युटी केली, २०१५ ला आर्मीच्या क्रॉसकंट्रीत पळायला लागले आणि स्टीपलचेसला आले २०१७ च्या सुमाराला, म्हणजे वयाची बाविशी उलटल्यावर. १ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊला ८:१९.५० मध्ये एशियाडचा रेकॉर्ड करून गोल्ड घेतलं तेव्हा वय एकोणतीस. तिथेच ५००० मीटरचं गोल्ड नेणारी पारुल चौधरी अठ्ठावीसची होती. आणि तुमच्याच माण तालुक्यातली मोहीची ललिता बाबर, तिला २०१४ ला इंचॉनच्या एशियाडला स्टीपलचेसचं ब्राँझ मिळालं तेव्हा ती पंचवीसची, रिओ ऑलिम्पिकची फायनल त्यानंतर दोन वर्षांनी. तुमची मुलगी २०३० च्या दोहाच्या एशियाडला बाविशीत असेल आणि २०३४ च्या रियाधला सव्वीस. २०२६ च्या नागोया एशियाडचं नाव तर घरात काढूच नका. मग बारावीची दीड वर्षं वाचवून नेमकं काय मिळणारे? माझं मत स्पष्ट आहे, बारावी सोडायची नाही.

आता वडिलांना. साहेब, नीट द्यायला माझी ना नाही पण सकाळी सहा ते रात्री आठ क्लासवाली बॅच आणि राज्य पातळीचं पळणं एकाच अंगाला झेपत नाही, दोन्ही अर्धवट होतं आणि पोरगी आजारी पडते ते वेगळंच. रिपीट तर अजिबात नको. पण नीट द्यायचं एक कारण आहे जे कुणी सांगत नाही, महाराष्ट्रात फिजिओथेरपीला सुद्धा नीटच्या मार्कांवरच ॲडमिशन होतं, आणि ज्या मुलीला स्वतःच्या गुडघ्या-घोट्याची भाषा कळते ती स्पोर्ट्स फिजिओ म्हणून फार चांगली होते. तेव्हा एमबीबीएसचा हट्ट सोडून आरामात द्या नीट. नाही जमलं तर बीए किंवा बीएस्सी करत पळू दे, युनिव्हर्सिटीच्या स्पर्धा तिथनं खेळता येतात आणि पुढे बीपीएड किंवा पतियाळाच्या क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमाही करता येतो.

"पळून पोट भरतं का" असं तुम्ही विचारलंय. हांगझोऊची ५००० मीटरची रेस बघा. पारुलने आदल्या दिवशी स्टीपलचेसचं सिल्व्हर घेतलेलं, दुसऱ्या दिवशी ही रेस, शेवटच्या काही मीटरपर्यंत जपानची रिरिका हिरोनाका पुढे आणि हिने तिला गाठून गोल्ड नेलं. नंतर विचारलं तर म्हणाली की शेवटच्या पन्नास मीटरला डोक्यात हेच होतं की यूपीत गोल्ड आणलं की डीएसपी करतात! मला ही मुलाखत जाम आवडते, कारण बक्षीस समारंभात असं कुणी बोलत नाही पण आपल्याकडचा प्रत्येक खेळाडू नोकरीचा हिशोब करतच पळतो आणि त्यात लाज कसली. पुढे तिला डीएसपीचं पत्र मिळालं पण. आपल्याकडे ललिता बाबर महसूल खात्यात आली. पण हे सगळं मेडल आणल्यावर, त्याच्या भरवशावर आज घर चालवायचं ठरवू नका. मधल्या पायऱ्या आहेत त्या धरा. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे, पोलीस, आर्मीत स्पोर्ट्सची भरती निघते, केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये खर्चाला मिळतात. कुठल्या स्पर्धेचा कितवा नंबर कुठल्या पदाला चालतो ते शासन निर्णयात लिहिलेलं असतं, ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन नीट समजून घ्या, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडून वेळेत करून घ्या, भरती निघाल्यावर पळापळ करणारे खूप बघितलेत. बारावीला खेळाचे सवलतीचे गुणही आहेत, त्याचा प्रस्ताव कॉलेजमधून जातो, कॉलेज स्वतःहून विचारेलच असं नाही.

एशियाड किती अवघड आहे ते तिला मात्र खरं सांगा. एका इव्हेंटला एका देशाचे दोनच जातात. म्हणजे आधी आपल्या देशातल्या सगळ्या पोरींत पहिल्या दोनात यायचं, हांगझोऊला पारुल आणि प्रीती लांबा होत्या, सिल्व्हर आणि ब्राँझ दोघींनी आणलं. गोल्ड कुणी नेलं? बहरीनच्या विनफ्रेड यावीने, ती मूळची केनियाची. तेव्हा आशियात आहे म्हणून सोपं असं काही नाहीये.

स्टीपलचेसबद्दल. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी, बायकांचा अडथळा ७६.२ सेंटीमीटरचा आणि तो हर्डलसारखा पडत नाही, पाय अडकला तर माणूसच पडतो. गावाकडे बांधावरनं उड्या मारून याचा सराव करू नका प्लीज. आत्ता साधं पळणं, क्रॉसकंट्री आणि हलक्या हर्डल्सवर तंत्र, पाण्याची उडी सुट्टीत पुण्याला बालेवाडीसारख्या ठिकाणी जाणत्या कोचच्या समोर. त्यासाठी सुट्टी पुरते, कॉलेज सोडावं लागत नाही. अकॅडमीवाल्यांना दोन प्रश्न विचारा, मुलींच्या हॉस्टेलला रात्री कोण असतं आणि पाय दुखला तर दाखवता कुणाला. उत्तर देताना चिडले तर परत या.

आणि ताई, हे तुम्हालाच लिहितो. पाळी दोन-तीन महिने येत नाहीये हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात, "पळणाऱ्या मुलींचं असंच असतं असं कोच म्हणाले". असं नसतं. बहुतेकदा खाणं कमी आणि पळणं जास्त झालेलं असतं, हाडं कमजोर होतात, स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या, तोवर पळण्याचं अंतर कमी. बाकी सगळे निर्णय त्याच्यानंतर. आणि कुणी डब्यातली पावडर किंवा गोळ्या दिल्या तर डॉक्टरला विचारल्याशिवाय पोटात जाता कामा नये, डोपिंगमध्ये सापडल्यावर "मला माहीत नव्हतं" चालत नाही.

बाय द वे एवढं मोठं पत्र लिहिलंत आणि तिचं ३००० चं टायमिंगच लिहिलं नाहीत. रिपोर्ट आले की ते पाठवा, आणि मातीवरचं का सिंथेटिक ट्रॅकवरचं तेही लिहा.