निरीक्षणशक्ती आणि आतलं जग कसं वाढवायचं?

सगळं वरवर बघितलं जातं, मनात काहीच मुरत नाही, असं तुम्ही म्हणताय. मग एक झाड धरा, रोज तेच बघा आणि दिसेल ते वहीत लिहा. ध्यानाची ॲप्स वगैरे नंतर बघू.

मी सोसायटीच्या फाटकाजवळची काटेसावर धरली. सुरुवातीला वहीत नोंद काय, तर ‘लाल फुलं आली.’ बस्स! महिनाभराने दिसायला लागलं: झाडावर पान एकही नाही आणि फांद्या फुलांनी लगडलेल्या. पाकळ्या पाच, चांगल्या जाडजूड. सकाळी मैना, बुलबुल, कावळे सगळे मधाला हजर. फूल गळून गाडीच्या टपावर पडलं की ‘थप्प’ असा आवाज येतो, तो वर्षानुवर्षं माझ्या कानावर पडत असणार, पण ऐकला तेव्हा पहिल्यांदा. त्याच झाडावर एक ठिपक्याठिपक्यांची तपकिरी पाखरीण यायची. ती कोकिळा! काळा असतो तो नर, ‘कुहू’ही त्याचंच. मी तिला कायम दुसराच पक्षी समजत होतो.

वहीत ‘सुंदर’, ‘मस्त’, ‘छान’ लिहायला बंदी. हे शब्द आले की बघणं थांबतं. शेवटी एक ओळ मात्र स्वतःची: बघताना मनात काय चाललं होतं? एकदा मी ‘कावळ्यांचा वैताग’ असं लिहिलं आणि मग लक्षात आलं, वैताग आदल्या रात्रीच्या फोनचा होता. कावळे बिचारे नेहमीसारखेच ओरडत होते.

रोज दहा मिनिटं, मोबाईल घरी ठेवून. पहिला आठवडा जाम कंटाळा येतो. येऊ द्या.