'मृत्युंजय', 'पानिपत' वाचून झालं. आता अलीकडची चांगली मराठी कादंबरी किंवा आत्मकथन सुचवा. फक्त रडवणारं नको.

शेवटची अट घातली नसती तर चार नावं लिहून मोकळी झाले असते. पण 'रडवणारं नको' हे वाक्य मी सोलापुरातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसून इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. बहुतेक वेळा ते म्हणणाऱ्याने पुस्तक उघडलेलंही नसायचं.

आधी नावं घ्या. 'पानिपत' आवडली ना, मग त्याच विश्वास पाटलांची 'झाडाझडती' वाचा. १९९२ ची साहित्य अकादमी आहे तिला. धरणात गेलेली गावं आणि पुनर्वसनाच्या नावाखाली चाललेली लूट. त्यानंतर कृष्णात खोतांची 'रिंगाण' घ्या, तिला २०२३ ची अकादमी मिळाली. विषय पुन्हा धरणाचाच, पण गोष्ट एवढीशी: विस्थापित झालेला माणूस मागे राहिलेल्या म्हशीला शोधायला परत जातो. सोलापूरकरांनी तर ही दोन्ही वाचलीच पाहिजेत. चार-चार दिवस नळाला पाणी नाही म्हणून आपण महापालिकेच्या नावाने खडे फोडतो, आणि उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरून पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की सहल काढतो, सेल्फी घेतो. त्या देवळाभोवती घरं होती, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. हलकंफुलकं हवं असेल तर मिलिंद बोकीलांची 'शाळा'. सिनेमा बघितला असला तरी वाचा. नवनाथ गोरेंची 'फेसाटी' जत भागातल्या दुष्काळी पट्ट्यातली, २०१८ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली, आणि एका दमात संपते.

आता आत्मकथनांचं. वाचनालयाचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. आमच्याकडे चरित्र-आत्मचरित्राचं काचेचं कपाट दारातच होतं. त्यात पुढारी, नट, खेळाडू, उद्योगपती सगळे मांडलेले. 'बलुतं', 'उपरा', 'उचल्या', 'अक्करमाशी', 'कोल्हाट्याचं पोर' मात्र मागच्या खोलीत, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांना लागून असलेल्या लोखंडी कपाटात, कुलपात. वर कागद चिकटवलेला: 'दलित व इतर'. चावी सचिवांकडे आणि सचिव उगवणार संध्याकाळी, चहाच्या वेळेला.

एका दुपारी यंत्रमागावरचा एक कामगार आला. पाळी सुटून थेट आलेला असावा, भुवयांवर कापसाची पांढरी लव तशीच होती. म्हणाला, "ताई, आपल्या करमाळ्याकडच्या डॉक्टरचं पुस्तक हाय का ओ? आईचं नाव लावतंय बघा ते." म्हणजे किशोर शांताबाई काळेंचं 'कोल्हाट्याचं पोर'. मी म्हटलं, आहे, पण चावी नाही, संध्याकाळी या. तो म्हणाला, आता संध्याकाळची पाळी लागणार. पुढच्या आठवड्यात परत आला, परत तेच उत्तर. वर्गणी भरलेला सभासद, पुस्तक आमच्या दाखल नोंदवहीत चढलेलं, आणि माणूस हात हलवत जिना उतरतोय! त्या संध्याकाळी झुरळांची पावडर टाकायचीय म्हणून मी सचिवांकडून चावी घेतली आणि ते सगळं कपाट रिकामं करून दारातल्या काचेच्या कपाटात लावलं, नटांच्या आणि पुढाऱ्यांच्या मधोमध.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. सचिव म्हणाले, "मॅडम, घरातल्या बायका-मुली येतात इथं. ही रडगाणी दारात कशाला?" मी विचारलं, सर, 'आहे मनोहर तरी' दारातच आहे की, त्यात सुनीताबाई देशपांडेंनी काय संसाराचं कौतुक केलंय का? तर म्हणे, "ते वेगळं." वेगळं काय ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सचिवांचं आवडतं पुस्तक कुठलं? 'मृत्युंजय'. कर्णाचा विषय निघाला की त्यांचा आवाज कापरा व्हायचा. भर रंगमंडपात कृपाचार्य कर्णाला कूळ विचारतात, त्याची मान खाली जाते आणि वाचणारा हळहळतो. तुम्हीही हळहळला असाल, मीही. तोच सवाल शाळेच्या दाखल्यावर करमाळ्याकडच्या किशोरला आणि अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळेंना, म्हणजे 'अक्करमाशी'च्या लेखकाला, पडला, की बापाचं नाव काय लावायचं? तिथे मात्र आपल्याला रडगाणं ऐकू येतं. कर्णाला कवचकुंडलं होती, शेवटी सूर्याचाच मुलगा निघाला. या पोरांच्या मागे कुणी सूर्य नव्हता, एवढाच काय तो फरक.

तर तो कामगार. 'कोल्हाट्याचं पोर' परत करताना फार काही बोलला नाही. "असलंच अजून काय हाय?" एवढंच विचारलं. मी 'उचल्या' दिली, १९८८ ची अकादमी. खिसे कापायचं शिक्षण पोरांना कसं द्यायचे ते लक्ष्मण गायकवाडांनी इतकं बारकाईने लिहिलंय की वाचताना हात आपोआप पर्सकडे जातो. पुढे लातूरच्या सूतगिरणीतली नोकरी, कामगारांची संघटना. गिरण्या बंद पडलेल्या आपल्या गावात हे पुस्तक कुलपात ठेवणाऱ्याला काय म्हणावं? मग त्याच्याबरोबर आणखी दोघं यायला लागले. पुस्तकं किती वाचली जातात ते बघायचं असेल तर पानांची कड बघा. आमच्या जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांची कड पहिल्या पाव भागापर्यंत मळलेली आणि पुढे कोरी करकरीत, दोन-चार सोडल्या तर. 'कोल्हाट्याचं पोर' शेवटच्या पानापर्यंत काळं झालं होतं. ती प्रत मी सचिवांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि वीजबिलाचा विषय काढला.

राहिलेलं सांगते. 'रिंगाण'ची बोली पहिली काही पानं अडेल, नेट लावा. 'फेसाटी'च्या बोलीचंही तसंच, पण सोलापूरच्या माणसाला जड जाऊ नये. 'कोल्हाट्याचं पोर' शाळकरी मुलांच्या हातात देऊ नका, तमाशातल्या बाईचं जे होतं ते त्यात झाकून लिहिलेलं नाही. 'अक्करमाशी' लहानसं आहे, पण रात्री झोपताना घेऊ नका. त्यातला महमूद दस्तगीर जमादार हा आजीबरोबर राहणारा आजोबा भेटला, की जात-धर्मावर पोटतिडकीने भाषण ठोकणाऱ्या कुणाचंही पुढे ऐकवत नाही. उर्मिला पवारांचं 'आयदान' कोकणातलं, त्यात हसण्याच्या जागा आहेत, तुमच्या अटीत ते बसेल. आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांशी माझं वैर नाही हो, 'पानिपत' मीही रात्री जागून वाचली.

विकत घेण्याआधी जवळच्या वाचनालयात विचारा. यादीत आहे पण कपाटात दिसत नाही असं झालं, तर मागच्या खोलीत कुलूप लावलेलं कपाट आहे का आणि दुपारी त्याची चावी कुणाकडे असते, हे सूचनावहीत तारीख टाकून लिहा. तेवढ्याने हललं नाही तर वार्षिक सभेत उभं राहून विचारा.