नर्स प्रॅक्टिशनर की फिजिशियन असिस्टंट, लेकीला कुठे घालू?

प्रश्न: ताई, माझी मुलगी बीएससी नर्सिंग झालीय, परळच्या एका हॉस्पिटलात आयसीयूला दोन वर्षं झाली तिला. माझी भाची न्यू जर्सीला असते, ती म्हणते इकडे फिजिशियन असिस्टंटला खूप मान आहे, तिला मुंबईतच पीएचा कोर्स करू दे मग मी इकडे बघते. मुलीला मात्र नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय. आमचे हे म्हणतात असिस्टंट म्हणजे शेवटी हाताखालचाच माणूस, त्यासाठी एवढा पैसा कशाला घालायचा? काय करावं सांगा. – एक आई, लालबाग

उत्तर: ताई, आधी तुमच्या यजमानांचं बोलते, कारण हा गैरसमज खूप घरांत आहे. अमेरिकेत पीए पेशंट तपासतो, टेस्ट सांगतो, निदान करतो, औषधं लिहून देतो, ऑपरेशनला सर्जनच्या बरोबर उभा राहतो, तर हाताखालचा माणूस कसा म्हणायचा त्याला? या नावाचा त्रास तिथल्या लोकांनाही होता, म्हणून त्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये असिस्टंटच्या जागी असोसिएट म्हणायचं ठरवलं.

आता गंमत अशी की नर्स प्रॅक्टिशनर पण जवळपास हेच सगळं करते, त्यामुळे ओपीडीत बसलेल्या पेशंटला दोघांतला फरक कळतही नाही. फरक आहे तो मुळात. एनपी, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर, व्हायचं तर आधी नर्स असावंच लागतं, त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, आणि सुरुवातीलाच ठरवायचं की लहान मुलं बघणार, मानसिक आजार बघणार की सगळं कुटुंब. लायसन्स राज्याच्या नर्सिंग बोर्डाचं असतं आणि अर्ध्याहून जास्त राज्यांत ती डॉक्टरच्या देखरेखीशिवाय स्वतःची प्रॅक्टिस करू शकते. पीएचं शिक्षण डॉक्टरांच्या धर्तीवर, साधारण सव्वादोन वर्षांचं मास्टर्स, त्यात मेडिसिन सर्जरी गायनॅक सगळीकडे फिरवतात, म्हणून पुढे आज ऑर्थो तर उद्या कार्डिॲक असं बदलता येतं, पण काम बहुतेक ठिकाणी डॉक्टरशी जोडलेलं राहतं.

दोन्हीची सुरुवात एकाच वर्षी झाली, १९६५ ला. कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या मुलांच्या डॉक्टरांनी एनपीचा कोर्स काढला, आणि ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात पेशंट सांभाळलेल्या चार जणांना घेऊन पीएचा. एका ठिकाणी नर्सलाच पुढे नेलं, दुसऱ्या ठिकाणी नवा माणूस तयार केला, आणि तुमच्या लेकीचा प्रश्न मला नेमका इथेच सुटताना दिसतो.

तुमच्या भाचीचं मन चांगलं आहे पण एक गोष्ट तिच्या लक्षात आलेली नाही. अमेरिकेत पीएच्या परीक्षेला बसायला तिथल्याच मान्यताप्राप्त कोर्समधून पास व्हावं लागतं, आपल्याकडची पीएची डिग्री त्यासाठी चालत नाही. म्हणजे इथे पैसे आणि वर्षं घालवून तिथे पुन्हा पहिल्यापासून! त्यापेक्षा मुलगी नर्स आहेच, एनक्लेक्स ही तिथली नर्सच्या लायसन्सची परीक्षा पास झाली की तिथे नर्स म्हणून उभं राहता येतं आणि नंतर एनपीचं शिकता येतं. मी इतकी वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं, रात्री तीन वाजता व्हेंटिलेटरचा अलार्म वाजल्यावर मशीनच्या आधी पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायची सवय लागते ना, ती कुठल्या वर्गात शिकवता येत नाही हो. तुमच्या मुलीची ती दोन वर्षं वाया घालवू नका.

इथेच राहायचं असेल तरी वाट आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा एमएससी कोर्स आहे, बीएससी आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, तो तिच्याकडे आहेच. पीए पण आपल्याकडे नवे नाहीत, १९९२ मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी हार्ट सर्जरीसाठी पीएचं शिक्षण सुरू केलं, आणि २०२१ च्या अलाइड हेल्थच्या, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कायद्यात पीएचं नाव आलं. पण दोघांनाही इथे अमेरिकेसारखे अधिकार नाहीत, डॉक्टरला बाजूला ठेवून स्वतःच्या सहीनं प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही, हे मुलीला आधीच माहीत असू दे, नाहीतर नंतर फार मनाला लागतं.

सध्या एवढंच करा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना बघा, हॉस्पिटलकडून आयसीयू असा स्पष्ट उल्लेख असलेलं अनुभवाचं पत्र घेऊन ठेवा, आणि कॉलेजात फी भरायच्या आधी कोर्सला कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः तपासा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.