एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत आढळणारी, गुणसूत्रे असलेली व्यक्ती जन्मतः स्त्री म्हणून वाढू शकते का?

होय, कारण गुणसूत्रे ही लिंगविकासाची केवळ पहिली पायरी आहेत. सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत सर्व गर्भांच्या जननग्रंथी सारख्याच असतात. त्यानंतर वाय गुणसूत्रावरील एसआरवाय जनुक, ज्याची ओळख 1990 मध्ये पटली, कार्यरत झाले तर त्या ग्रंथींची वृषणे बनतात आणि टेस्टोस्टेरॉन स्रवू लागते. परंतु हे संप्रेरक ओळखणाऱ्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. ते पूर्णपणे निकामी असेल, तर टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही शरीर त्याला प्रतिसाद देत नाही, बाह्य अवयव स्त्रीचे घडतात आणि वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनपासून बनलेल्या इस्ट्रोजेनमुळे स्तनांची वाढही होते. गर्भाशय मात्र तयार होत नाही, कारण वृषणांतील दुसरे एक संप्रेरक त्याची वाढ आधीच थांबवते. म्हणूनच अनेकींना हे प्रथम कळते ते पाळी न आल्यामुळे.

स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तीनेझ-पातिन्यो हिची हीच अवस्था 1985 मध्ये जपानमधील कोबे येथील गुणसूत्र चाचणीत उघड झाली आणि पुढे तिला स्पर्धांतून वगळण्यात आले. टेस्टोस्टेरॉनचा तिच्या स्नायूंना लाभच मिळत नसताना केवळ गुणसूत्रांवरून तिला बाद करणे हा माझ्या मते उघड अन्याय होता. 1988 मध्ये तिला पुन्हा परवानगी मिळाली.

अशा बहुतेक व्यक्ती स्वतःला स्त्रीच मानतात, त्यामुळे केवळ गुणसूत्रांच्या अहवालावरून कोणाचीही लिंगओळख ठरवता येत नाही.