शाळा बंद करायचं ठरत आलं असेल, तर पालकांच्या म्हणण्याला खरंच किंमत असते का?

तुम्ही लिहिलंय की पटसंख्या कमी म्हणून मुलीची शाळा बंद करून दुसऱ्या शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव आहे. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे, पण 'सगळं आधीच ठरलंय, जाऊन काय उपयोग?' असं तुम्हाला वाटतंय. जा. नक्की जा. मात्र भाषण करायला नको, आकडे मागायला जा.

आमच्या शाळेवर हीच वेळ आली होती. पहिल्या सभेत आम्ही पोटतिडकीने बोललो, एका आईला तर रडू आवरेना. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि इतिवृत्तात एकच ओळ आली: 'पालकांच्या भावना तीव्र आहेत.' मग आम्ही प्रस्तावाची प्रत मागून घेतली. त्यात नवी शाळा सव्वा किलोमीटरवर होती, पण ते अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेलं. मी पहिलीतल्या मुलाला दप्तरासकट घेऊन, शाळेच्याच वेळेला ते चालून पाहिलं. पुलापर्यंत वळसा, पुढे सिग्नल नसलेला मोठा रस्ता. ४१ मिनिटं लागली आणि पोरगं वाटेत दोनदा खाली बसलं. ती वेळ आणि रस्त्याचे फोटो निवेदनाला जोडले, तेव्हा कुठे आमचं म्हणणं 'भावना' राहिलं नाही.

'रिकामे वर्ग' हाही आकडा तपासा. शिकागोत २०१३ मध्ये एका फटक्यात सुमारे ५० शाळा बंद करायचं ठरलं. जागा वाया जाते का, हे एका वर्गात ३० मुलं धरून मोजलं होतं. विशेष गरजा असलेल्या मुलांचे वर्ग मुळातच लहान ठेवावे लागतात. या हिशेबात तेही अर्धे ओस दिसतात. त्याच शहरातल्या डायट हायस्कूलसाठी २०१५ मध्ये पालक आणि रहिवाशांनी ३४ दिवस उपोषण केलं; २०१६ मध्ये शाळा पुन्हा उघडली. एका शाळेसाठी माणसांना महिनाभर उपाशी बसावं लागतं, याचा मला फार राग येतो.

स्कॉटलंडमध्ये २०१० पासून यासाठी कायदाच आहे. मुलांचा शैक्षणिक फायदा काय, हे प्रस्तावात लेखी द्यावं लागतं. हरकतींसाठी किमान ६ आठवडे मिळतात आणि त्यात शाळेचे ३० दिवस यायलाच हवेत, म्हणजे ऐन सुट्टीत गुपचूप काम उरकता येत नाही. जाहीर सभा घ्यावी लागते, मुलांचंही मत विचारावं लागतं. तुमच्याकडे असा कायदा नसेल, तरी या गोष्टी लेखी मागायला कुणाची परवानगी लागत नाही.

कधीकधी शाळा बंद होणं योग्यही असतं. वर्गात दोनच मुलं असतील तर ती खेळणार कुणाशी? तेव्हा अटींसाठी भांडा: बस, भावंडं एकाच शाळेत, ओळखीच्या एक-दोन शिक्षकांची बदली तिथेच. आमची शाळा अखेर बंद झाली, पण वर्षभर उशिराने आणि बस सुरू झाल्यावर.

आणि हे सगळं चालू असताना मुलीला अंधारात ठेवू नका. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांना २०१८ मध्ये दिसलं की बंद होणाऱ्या शाळांतल्या मुलांचे गुण सर्वांत जास्त घसरले ते घोषणेच्याच वर्षी. कुजबुज त्यांच्या कानावर आपल्याआधी पोचलेली असते.

आज एवढंच करा: पत्रावर हरकतींची शेवटची तारीख शोधा आणि प्रस्तावाची प्रत मागणारा अर्ज देऊन पोच घ्या.