प्याऊ, पाणपोई, डोणी: जनावरांच्या पाण्याचा नेमका शब्द

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या काही जुन्या दगडी प्याऊंच्या (म्हणजे रस्त्यावरच्या सार्वजनिक पाणपोयांच्या) पायथ्याशी गुराघोड्यांना पाणी पिण्यासाठी जो कोरीव लांबट भाग दिसतो, त्याला मराठीत काय म्हणावं? 'जनावरांची पाणपोई' चालेल का?

चालतं, वर्तमानपत्रांत सर्रास छापतात. पण याला नेमका शब्द आहे: डोणी. संस्कृत 'द्रोणी' म्हणजे लाकडाचं वा दगडाचं कोरलेलं लांबट भांडं, त्याचाच हा मराठी अवतार. गावाकडे, विशेषतः देशावर, 'हाळ' म्हणतात. विहिरीजवळ गुरांसाठी बांधलेला तो हाळ. 'गव्हाण' मात्र लिहू नका. गव्हाणीत वैरण पडते, पाणी नव्हे. 'कुंडी' म्हटलं की आता तुळस किंवा गुलाब डोळ्यांपुढे येतो. 'हौद' चुकीचा नाही, पण तो साठवणीचा. पुण्याचा सदाशिव पेठ हौद आठवा. त्यातून माणसं पाणी भरून नेत.

आता पाणपोई. यातलं 'पोई' आलं 'प्रपा'वरून, आणि प्रपा म्हणजेच पाणी प्यायची जागा. म्हणजे पुढे 'पाण' जोडून आपण पाणी दोनदा म्हणतो! गुजरातीत त्याच प्रपेचं 'परब' झालं. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या कोरीव लेखात हा शब्द मूळ रूपात सापडतो: तापी, डहाणूची दाहनुका अशा नद्यांच्या दोन्ही तीरांवर आपण सभा (विसाव्याच्या जागा) आणि प्रपा उभारल्या, असं तो सांगतो. लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. 'प्याऊ' हा हिंदीतून आलेला शब्द, 'पीना'वरून. मुंबईच्या बहुभाषी बाजारात तोच रुळला.

संस्कृतात माणसांची आणि जनावरांची सोय वेगळ्या शब्दांनी सांगत. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'प्रपा पानीयशालिका' एका जागी, आणि दुसरीकडे 'आहावस्तु निपानं स्यादुपकूपजलाशये', म्हणजे विहिरीलगतचा जलाशय तो आहाव किंवा निपान. पाणिनीने 'आहाव'साठी स्वतंत्र सूत्रच दिलंय: 'निपानमाहावः'. धातू 'ह्वे', हाक मारणे. गुरांना हाक मारून जिथे पाण्यावर आणतात ती जागा. मला हा शब्द फार आवडतो, पण मराठीत तो आता कुणाला कळणार नाही. 'पाणवठा' चांगला आहे, तो नदीतळ्याकाठचा. वनखातं 'कृत्रिम पाणवठे' म्हणतं ते ठीक, शहरातल्या दगडी डोणीला मात्र ते शोभत नाही.

'फाउंटन'चं 'कारंजे' करण्याची खोड मात्र खरंच सोडायला हवी. १८६९ चं फ्लोरा फाउंटन हे शोभेचं, ते कारंजं. मांडवीच्या भात बाजारातलं १८७६ चं केशवजी नायक फाउंटन ही पाणपोई. दानशूर पारशी व्यापारी कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी शहराला पिण्याच्या पाण्याची ४० फाउंटन दिली, त्यांचंही भाषांतर 'कारंजी' झालेलं वाचलंय. चाळीस कारंज्यांचं शहर झालं की हो ते! शहरात १८७४ ते १९०५ घोड्यांच्या ट्रामी होत्या, बैलगाड्या तर त्यानंतरही. जनावरांच्या पाण्याची गरज रस्त्यारस्त्यावर होती.

जुन्या प्याऊची नोंद करताना भाग वेगळे लिहावेत: कळस, छत्री, आतली टाकी, तोटी किंवा गोमुख, उभं राहायचा ओटा, डोणी, मोरी. जिथे ओघळ (पाणी वाहून जायची दगडातली खाच) सोडलेला असतो, तिथे तोटीखाली सांडलेलं पाणी त्यातून डोणीत उतरतं आणि डोणी भरली की मोरीत जातं. म्हणून डोणी कोरडी दिसली तर आधी वरचा नळ तुटलाय का ते बघावं, मग ओघळ सिमेंटने बुजवलाय का. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की डोणीची कड जमिनीला टेकते. मग तिला 'पायरी' लिहिणारेही भेटतात. दगडावर तैलरंग असेल तर तसं जरूर नोंदवा, कारण आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

व्याकरणाचं थोडक्यात: पाणपोई, अनेकवचन पाणपोया, पाणपोयांना. डोणी, डोण्या. हाळ पुल्लिंगी. प्याऊ हिंदीत पुल्लिंगी; मराठीत पाणपोईच्या ओढीने काही जण 'ती प्याऊ' लिहितात, मी 'तो प्याऊ'च लिहीन.

जाता जाता एक गंमत. आपण म्हणतो, 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?' गुजराती म्हणतो, 'कूवामां होय तो हवाडामां आवे.' हवाडा म्हणजे गुरांची डोणी. म्हण एकच, पण आपण पोहरा धरला आणि त्यांनी डोणी.